गुबगुबीत मूल आणि दारावरची खूण

समजा, एकाच आळीत तीन वर्षांचे दोन मुलगे आहेत. पहिला ९६ सेंटिमीटर उंच, वजन साडेतेरा किलो. अंगाने काटक, सदरा काढला की बरगड्या थोड्या दिसतात, दिवसभर अंगणात हुंदडतो. दुसरा ८५ सेंटिमीटर उंच, वजन १५ किलो. गाल वर आलेले, मनगटाला वळी पडलेली. आल्यागेल्याने दुसऱ्याचा गालगुच्चा घ्यावा आणि पहिल्याच्या आईला विचारावे, "काय गं, पोराला पोटभर घालत नाहीस का?" असे आपल्या गावात रोज घडते. आता या दोघांना काट्यावर उभे करून फक्त वजनाच्या तक्त्यावर खूण केली, तर दोघेही हिरव्या पट्ट्यात येतात. म्हणजे तक्त्याच्या दृष्टीने दोघेही ठीक.

वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्या मुलाला कसलीही काळजी नको. दुसऱ्याची मात्र वाढ खुंटलेली आहे आणि शिवाय त्याच्या उंचीच्या मानाने वजन जादा आहे. उपासमारीची खूण आणि अतिपोषणाची खूण एकाच लेकराच्या अंगावर! ऐकायला विचित्र वाटते, पण जगातील गरीब मुलुखांत असे मूल आता नवलाचे राहिलेले नाही. या वेळी या पानावर आम्ही त्याचाच विचार करणार आहोत, कारण या दोषाची मुळे बऱ्याच अंशी आपल्या शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी आहेत.

प्रथम शब्दांचा अर्थ समजून घेऊ. वयाच्या मानाने उंची फार कमी असेल तर त्याला वाढ खुंटणे म्हणतात. हे एका दिवसात किंवा एका आजारपणात होत नाही. आईच्या पोटापासून पहिली दोन-अडीच वर्षे अन्न कमी पडणे किंवा वारंवार आजार होणे, याचा तो साठलेला परिणाम असतो. उंचीच्या मानाने वजन फार कमी, तो लुकडेपणा. हा अलीकडच्या उपासमारीचा किंवा आजाराचा दोष असतो आणि तो जिवावर बेतू शकतो. उंचीच्या मानाने वजन फार जास्त, ते जादा वजन. 'फार' म्हणजे किती, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेल्या तक्त्यांवरून ठरते. पाच वर्षांखालील सर्व मुलांसाठी आज हेच तक्ते वापरतात.

या तक्त्यांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते तयार करताना ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील निरोगी, अंगावर दूध पिणारी आणि नीट खायला मिळणारी मुले मोजली होती. आपल्याकडची मुले दिल्लीची होती. या सहाही ठिकाणच्या मुलांची उंची पाच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखीच वाढली. म्हणून "आमच्या घराण्यात सगळे बुटकेच" हे कारण लहान मुलाच्या बाबतीत फारसे लागू पडत नाही. आजोबा बुटके होते हे खरे, पण आजोबांच्या लहानपणी घरात काय शिजत होते, तेही आठवून पाहावे.

आकडे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३८.४ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे, पण गोगलगाईच्या चालीने. त्याच काळात जादा वजनाची मुले २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेली. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत खुंटलेल्या वाढीचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपासच आहे. सीमा कागदावर असते, मुलांच्या उंचीत ती दिसत नाही. गोव्यात हे प्रमाण २६ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे चारांतले एक मूल. सगळ्या जगाचा हिशेब पाहिला, तर २०२२ साली सुमारे १४ कोटी ८० लाख मुलांची वाढ खुंटलेली होती आणि ३ कोटी ७० लाख मुलांचे वजन जादा होते.

कोणी म्हणेल, ही दोन वेगळी टोके आहेत, गरिबांची मुले खुंटलेली आणि श्रीमंतांची लठ्ठ. १९९६ साली बॅरी पॉपकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशिया, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि चीन या चार देशांतील मुलांची मापे तपासली, तेव्हा चारही ठिकाणी असे दिसले की ज्या मुलांची वाढ खुंटली होती, त्यांच्यातच जादा वजनाचा संभव अधिक होता. ब्राझीलमधील साव पावलो शहराच्या झोपडपट्टीतील मुलांवर पुढे जे संशोधन झाले, त्यात एक कारण हाती लागले. लहानपणी खुंटलेल्या मुलांचे शरीर इतर मुलांच्या मानाने चरबी कमी जाळते. उपासाच्या दिवसांची सवय झालेले शरीर जणू कंजूष बनते. पुढे पैसा आला, तेलकट-गोड खाणे आले, की ते सगळे साठवून ठेवते. पण हाडांच्या वाढीची वेळ निघून गेलेली असते. मग उंचीऐवजी रुंदी वाढते.

पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट

दूरच्या देशांची उदाहरणे पुरे. आपल्या मराठी शेतकऱ्यांच्या घरांतच याविषयी मोठे काम झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची पाहणी सुरू केली. बहुतेक घरे शेतकऱ्यांची. गर्भार राहण्यापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांच्या पोटी पूर्ण दिवसांची जी बाळे जन्मली, त्यांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन गावच्या बाळांचे ते ३.५ किलो होते.

इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. दोन्हीकडच्या बाळांची मापे एकमेकांशेजारी मांडली, तेव्हा पुण्याच्या बाळाचा दंड बारीक, पोटाचा घेर लहान, स्नायू कमी, सगळेच कमी. पण पाठीवर, खवाट्याच्या खाली कातडीची चिमूट धरून चरबी मोजली, तर ती मात्र इतर मापांच्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ हडकुळे, पण चरबी राखून जन्मलेले. शास्त्रज्ञांनी त्याला 'रोड-लठ्ठ' बाळ असेच नाव दिले. आपण ज्या मुलाला गुबगुबीत म्हणून मिरवतो, त्याची तयारी पुष्कळदा आईच्या पोटातच झालेली असते.

या पाहणीतल्या आणखी दोन गोष्टी शेतकरी घरांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे मोठी भरली. महागडे टॉनिक नव्हे. मेथी, राजगिरा, शेपू, पेरू आणि वाटीभर दूध! दुसरी गोष्ट कामाची. घरात आणि रानात जितके अधिक कष्ट, तितके बाळ लहान. आमच्या भागात रोप लावणीला आणि भांगलणीला पोटुशी बाई चिखलात वाकलेली दिसते, त्यावर पाणी आणणे आणि भाकऱ्या थापणे तिचेच. हे काम दोन महिने दुसऱ्या कोणी उचलले तर बाळाला त्याचा लाभ होतो. यात सासूबाईंची आणि नवऱ्याची दोघांचीही जबाबदारी आहे. (नवऱ्याने घागर उचलली तर गाव हसते, हे आम्हाला ठाऊक आहे. हसू द्यावे.)

त्या गावांतील सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा ज्या आयांचे बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक आढळली. बी-१२ हे भाजी-भाकरीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण आणि कलेजी यांत असते. आपल्या ख्रिस्ती घरांत मांसाहाराला आडकाठी नाही, तरी रविवारचे मटण वाढताना बाप्यांच्या ताटात चार फोडी आणि गरोदर सुनेच्या ताटात रस्सा, ही रीत पुष्कळ घरांत अजून आहे. यावरून कोणी लोह-फॉलिकच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत. त्या रक्तासाठी आणि बाळाच्या मणक्यासाठी लागतातच. बी-१२ ची कमतरता वाटल्यास डॉक्टरांना विचारावे.

खाऊचे पाकीट

आता जन्मानंतरची वाट पाहू. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध. पाणी नको, घुटी नको, मधाचे बोट नको. एक वर्षाच्या आत मध तर धोक्याचाच. हे सर्वांना पाठ आहे. पण चौथ्या महिन्यात आई कामाला निघाली की आजीच्या हाती बाटली येते, आणि डबा महाग म्हणून एका मापाच्या पावडरीत दोन मापांचे पाणी पडते. बाळाचे पोट भरते, रडे थांबते, वाढ मात्र थांबते. त्यात बाटलीचे बूच नीट उकळलेले नसले की जुलाब ठरलेले. स्नानसंस्काराच्या दिवशी धर्ममातेने हौसेने पावडरीचा डबा आणणे आम्ही पाहिले आहे. तिचे मन मोठे, पण त्या पैशांत बाळाच्या आईसाठी दोन डझन अंडी आणली असती तर बाळाला अधिक पोचले असते. दुधाची पावडर, बाटल्या आणि दोन वर्षांखालील बाळांचे डबाबंद अन्न यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, एवढे सांगितले म्हणजे सरकारलाही धोका कळला होता हे ध्यानात येईल.

सहा महिन्यांनंतर खरी कसोटी लागते. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या वाटीएवढेच अन्न मावते. तेवढ्या वाटीत काय जाते यावर सारे अवलंबून. गावच्या दुकानात आता दारालाच पाकिटांच्या माळा लटकत असतात. पाच-दहा रुपयांत पोर गप्प बसते. ग्लुकोज बिस्किटाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा साखर असते. कुरकुरीत तळलेल्या पाकिटबंद खाऊच्या १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅमच्या वर तेल असते, शिवाय मीठ. चहात बुडवून बिस्किट दिले तर आणखी घोटाळा, कारण चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. अशा खाण्याने उष्मांक मिळतात, म्हणून वजन चढते. पण हाड लांब व्हायला जे लागते, म्हणजे प्रथिने, जस्त, चुना, ते त्यात नसल्यासारखेच. आणि पोट भरल्यामुळे पोर भाकरी-आमटीला तोंड लावत नाही. आई म्हणते, "खातच नाही हो." खातो, पण दुकानातले.

नेपाळात काठमांडूच्या खोऱ्यात एक ते दोन वर्षांच्या मुलांचे खाणे मोजले, तेव्हा अंगावरच्या दुधाखेरीज जे काही पोटात जात होते, त्यातल्या उष्मांकांचा सुमारे चौथा हिस्सा असल्या खाऊचा निघाला. जी मुले हा खाऊ सर्वांत जास्त खात होती, त्यांची उंची कमी खाणाऱ्यांपेक्षा कमी होती. म्हणजे पाकिटाने लठ्ठपणाच येतो असे नाही. पाकिटाने उंचीही खातात.

याच्या उलट उदाहरण ग्वाटेमालाचे. हा मध्य अमेरिकेतील देश, मक्यावर जगणारे शेतकरी, आणि खुंटलेल्या वाढीचे प्रमाण फार मोठे. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या पूर्व भागातील चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना आणि आयांना 'आतोले' नावाची पेज दिली. तीत दुधाची पावडर आणि प्रथिनयुक्त पीठ होते. उरलेल्या दोन खेड्यांत 'फ्रेस्को' नावाचे सरबत दिले. त्यात साखर होती, प्रथिने नव्हती. एका पेल्यात आतोलेची प्रथिने साडेअकरा ग्रॅम, फ्रेस्कोची शून्य. आतोले पिणाऱ्या मुलांची उंची सरबतवाल्यांपेक्षा चांगली वाढली. परंतु ही वाढ तीन वर्षांखालीच दिसली. तीन वर्षांनंतर तीच पेज दिली तरी उंचीत फरक पडला नाही. ती मुले पुढे बापे झाली, तेव्हा त्यांचा शोध घेतला, आणि ज्यांना पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळाले होते, त्या पुरुषांची ताशी कमाई ४६ टक्क्यांनी अधिक भरली. आपल्याकडचे नाचणीचे आंबील आणि हुलग्याचे माडगे ही त्या आतोलेची भावंडेच. आणि रंगीत गोड पाण्याच्या पिशव्या? त्या फ्रेस्कोच्या जातीच्या, तेही निकृष्ट.

शेतात काय पेरतो, घरात काय उरते

आपल्या भागात पाणी आले तसा ऊस आला. उसाने कर्ज फिटले, घरावर स्लॅब पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच रानात पूर्वी जोंधळ्यात तूर, चवळी, मूग, मटकी असे, बांधावर अंबाडी असे. ती गेली. आता डाळ दुकानातून येते आणि म्हणून पातळ होते. दुधाचेही तेच. घरात म्हैस आहे, पण सकाळचे दूध डेअरीला, संध्याकाळचे डेअरीला, आणि परत येताना त्याच पैशातून बिस्किटाचा पुडा. कोंबडी आहे, अंडी बाजारात. आम्ही असे म्हणत नाही की दूध विकूच नये. डेअरीला घालण्यापूर्वी एक पेला लेकरासाठी आणि एक पोटुशी वा अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी बाजूला काढावा, एवढेच म्हणणे. एक वर्षावरील मुलाला दिवसाला दोन पेले दूध पुरे. वर्षाच्या आत जनावराचे वरचे दूध आईच्या दुधाच्या जागी देऊ नये.

अंड्याविषयी एक मौजेची गोष्ट. दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर देशात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले. वाढ खुंटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाल्यावर सगळीकडे अंड्याचा जयजयकार झाला. मग आफ्रिकेतील मलावीत तोच प्रयोग केला, तर उंचीत काही फरकच नाही! तिथल्या बाळांच्या खाण्यात आधीपासून तळ्यातले मासे होते. तेव्हा ज्या घरात मासे, दूध काहीच बाळाच्या वाटीत जात नाही, तिथे अंडे कामाचे. गुण एकट्या अंड्याचा नाही, ताटात जे नव्हते ते आल्याचा आहे.

ऊस असणाऱ्यांनीही परसात दोन गुंठे तरी राखून ठेवावेत. एक शेवगा, एक पपई, कढीपत्त्याच्या शेजारी लाल माठाचा वाफा, आणि आतून केशरी असलेल्या रताळ्याचे वेल मिळाले तर उत्तम. बेळगावच्या लाल मातीला रताळे नवे नाही. पांढऱ्या रताळ्यात 'अ' जीवनसत्त्व नसल्यासारखेच, केशरीत भरपूर. उकडून, कुस्करून, चमचाभर लोणी घातले की सात महिन्यांचे बाळ आवडीने खाते.

आता पिठाची कृती. नाचणी दोन वाट्या, मूग एक वाटी, भुईमुगाचे दाणे अर्धी वाटी. नाचणी आणि मूग निवडून, धुऊन, वेगवेगळे रात्रभर भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. मुगाला एका दिवसात मोड येतो, नाचणीला थोडा अधिक वेळ लागतो. मग कडक उन्हात वाळवून, मंद आचेवर भाजून, हाताने चोळून मोड झाडून टाकावेत. दाणे भाजून साले काढावीत. सर्व एकत्र बारीक दळून, चाळून, कोरड्या डब्यात भरावे. एकदम महिनाभराचे करू नये, दाण्यांमुळे खवट होते. पंधरा दिवसांचे पुरे. मोड आणण्याचे कारण केवळ पचन नव्हे. मोड आल्याने धान्यात असा पदार्थ तयार होतो की शिजवलेली पेज घट्ट गोळा होत नाही. म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावते, आणि लहान पोटाला तेच हवे. पेज चमच्यातून पाण्यासारखी ओघळता कामा नये. वरून अर्धा चमचा तूप. वर्षाच्या आत साखर-मीठ घालू नये. बाळाला त्याची चव ठाऊक नसते, ती आपणच लावतो. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे दोन वर्षांपर्यंत तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे फळ किंवा उकडलेले अंडे, आणि अंगावरचे दूध चालूच.

दाण्यांबाबत एक ताकीद. बुरसट, सुरकुतलेले, काळे पडलेले दाणे बाळाच्या पिठात चुकूनही जाऊ नयेत. चांगल्या शेंगा बाजाराला आणि वेचणीतले खराब दाणे घरी, अशी आपली खोड आहे. बुरशीमुळे भुईमुगात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही, शिजवून जात नाही. पश्चिम आफ्रिकेतील बेनिनमध्ये ज्या मुलांच्या रक्तात हे विष सर्वाधिक होते, ती आठ महिन्यांत सर्वांत कमी विष असलेल्या मुलांपेक्षा सरासरी १.७ सेंटिमीटर कमी वाढली. काढणीला पाऊस गाठला तर शेंगा ढिगाने ठेवू नयेत, लगेच पसरून वाळवाव्यात. कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळ वाजेपर्यंत पोत्यात भरू नयेत, आणि पोती जमिनीवर न ठेवता फळीवर रचावीत.

कोंबड्यांचेही सांगून ठेवतो. अंडी हवीत, पण रांगते मूल आणि मोकळी कोंबडी एकाच अंगणात नको. दहा महिन्यांचे मूल जे दिसेल ते तोंडात घालते, त्यात शिटही येते, आणि आतड्याला सूज राहून खाल्लेले अंगी लागत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथील मोठ्या प्रयोगांत असे दिसले की केवळ संडास बांधून आणि हात धुवायला शिकवून मुलांची उंची वाढली नाही. जिथे जादा पोषक अन्न दिले तिथे थोडी वाढली. यावरून हात धुणे सोडू नये. जुलाब, जंत आणि कावीळ यांच्यासाठी ते हवेच. मात्र स्वच्छतेने अन्नाची जागा भरून निघत नाही, आणि कोंबड्यांचे खुराडे अंगणापलीकडे नेण्याला तर काहीच खर्च नाही.

जे मूल आधीच बुटके आणि जाड आहे

पहिले काम मोजण्याचे. वजनाबरोबर उंची मोजली पाहिजे. अंगणवाडीत आता उंची मोजण्याची साधने असतात. ताईंना आग्रहाने सांगावे. घरीही करता येते. दोन वर्षांवरील मुलाला अनवाणी, टाचा आणि पाठ चौकटीला टेकवून उभे करावे, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक आडवे दाबून धरावे, पुस्तकाच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने रेघ मारावी आणि शिंप्याच्या टेपने मोजून शेजारी तारीख लिहावी. दोन वर्षांखालच्याला निजवून, पाय सरळ धरून मोजतात. सहा महिन्यांनी पुन्हा. लक्षात ठेवायला सोपे आकडे असे : वर्षाचा मुलगा निजवून ७१ सेंटिमीटरपेक्षा आणि मुलगी ६९ पेक्षा कमी असू नये. दोन वर्षांना उभे करून मुलगा ८१, मुलगी ७९. तीन वर्षांच्या मुलाला ८९ च्या आसपास. आणि पाच वर्षांना मुलगा असो वा मुलगी, १०० सेंटिमीटर. याच्या खाली असेल तर वाढ खुंटलेली समजून डॉक्टरांना दाखवावे.

दोन वर्षांच्या आतल्या बुटक्या मुलाला चांगले खाऊ घातले तर उंची बरीच भरून निघू शकते. त्या वयात वजन वाढले तर चांगलेच. दोन-तीन वर्षांनंतर मात्र विचार करून वागावे. १९६९ ते १९७२ च्या सुमारास दिल्लीत जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा असे दिसले की ज्यांना तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची सुरुवात झाली, ती मुले दोन वर्षांची असताना रोडच होती. वजन पुढे, बालपणी आणि नंतर भराभर चढले. तेव्हा चार वर्षांच्या बुटक्या मुलाला "उंच होऊ दे" म्हणून तूप-साखर-केळ्यांचा मारा केला, तर तो उंच होत नाही, जाड होतो.

पण त्याला उपाशीही ठेवू नये. वाढत्या मुलाचे वजन उतरवण्याचा प्रयत्न घरच्या घरी कधीही करू नये, आणि भाकरी-भात तोडू नये. वजन आहे तिथे थांबले आणि उंची हळूहळू चढत गेली की काम झाले. त्यासाठी पाकीट, गोड पाणी आणि चहा-बिस्किट बंद, त्या जागी शेंगदाण्याचा कूट घातलेली उसळ, ताक, अंडे, पेरू. चिरमुरे द्यायचेच तर फुटाणे मिसळून. एकदम सगळे बंद केले तर पोर आकांत करील आणि आजी गुपचूप पाकीट आणून देईल. म्हणून पहिल्या आठवड्यात सकाळचे बिस्किट थांबवावे, दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचे. मोबाईल हाती देऊन भरवण्याची सवय असेल तर तीही याच वेळी सोडवावी, कारण पडद्याकडे पाहत मूल किती खाल्ले ते विसरते. दिवसातून दोन-तीन तास तरी बाहेर पळू द्यावे. शेतावर जाताना कडेवर न घेता चालवत न्यावे, वेळ लागला तरी. वर्षातून दोनदा जंताचे औषध, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, त्यावरील मुलाला पूर्ण. लहानग्याला ती कुस्करून पाण्यातून द्यावी, सबंध गोळी घशात अडकते. दर फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये ती अंगणवाडीत फुकट मिळते. त्या दिवशी मूल तापाने आजारी असेल तर बरे झाल्यावर द्यावी, आणि दिल्याची तारीख चौकटीवरच्या उंचीच्या रेघेशेजारीच लिहावी, म्हणजे वही शोधावी लागत नाही.